पाइपाचं तोंड

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांनी वापरलेलं पाणी पुन्हा वापरावं, त्यासाठी त्यांना प्रोत्साहन द्यावं, असं हल्ली फार कानावर येतं. आमचा विरोध नाही. फक्त प्रोत्साहन कुणाला लागतं आणि कुणाला लागत नाही, एवढं एकदा बघून घ्यावं म्हणतो.

पोलादपूरच्या डोंगरवाड्यांना ते कधी लागलं नाही. पावसाळ्यात तिथे 3,000 मिलीमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात टँकरच्या भोंग्याकडे कान लावून बसावं लागतं. तिथल्या मावशीला कुणी कार्यशाळेला नेलं नाही, प्रशस्तिपत्रक दिलं नाही. तरी तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीच्या घमेल्यात जातं, भांड्यांचं अळवाला जातं आणि मे महिन्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला मुद्दाम परसात, केळीच्या वरच्या अंगाला दगडावर बसवून आंघोळ घालतात. चाकरमानी शहाळं प्यायला आलेला असतो, त्याच्या अंगावरून केळीचं शिंपण होऊन जातं. कारखान्याच्या भाषेत याला ‘झिरो लिक्विड डिस्चार्ज’ म्हणतात. त्याचा खर्च किती, असं विचारलं की साहेबांचा आवाज घोगरा होतो.

खर्च खोटा नाही, हेही सांगितलं पाहिजे. रसायनाच्या कारखान्यातलं पाणी म्हणजे काही तांदळाचं धुवण नव्हे. त्यात क्षार विरघळलेले असतात आणि ते गाळून निघत नाहीत. आधी पडद्यांतून दाबून पाणी काढायचं, मग उरलेला खारट अर्क बाष्पीभवनाच्या भांड्यांत आटवायचा, त्याला वाफ, वाफेला कोळसा. शेवटी उरलेलं मीठ पोत्यांत भरून घातक कचऱ्याच्या गाडीनं तळोज्याला पाठवायचं, तिथे पुरण्याचे पैसे वेगळे. आणि सावित्री नदीचं ताजं पाणी? ते नळाची चावी फिरवली की हजर. दोन्हींची बिलं शेजारी ठेवली, तर कुठल्याही शहाण्या हिशेबनिसाला सावित्रीचीच माया येणार.

सरकारनं ही माया कमी करायचा प्रयत्न केलाच नाही, असं कुणी म्हणू नये. 1977 साली पाण्यावर उपकर बसवला. दर हजार लिटरमागे काही पैसे. रुपये नव्हे, पैसे. सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्याला या पैशांतही सूट. आधी ती 70 टक्के होती. 1991 साली कुणाला तरी ती फारच उदार वाटली असावी, म्हणून 25 टक्क्यांवर आणली. पैशांतल्या रकमेचा पाव हिस्सा वाचवायला कोट्यवधींची यंत्रं बसवणारा उद्योगपती निपजलाच असता, तर त्याचा पुतळा आम्ही वर्गणी काढून एमआयडीसीच्या नाक्यावर उभारला असता. 2017 साली जीएसटी आला आणि उपकरच गेला. त्याच वर्षी राज्यानं धोरण काढलं, की शहरांचं सांडपाणी शुद्ध करून औष्णिक वीजकेंद्रांना आणि औद्योगिक वसाहतींना द्यावं. धोरण उत्तम आहे. मात्र वसाहतीनं स्वतःचं पाणी स्वतःच परत प्यावं, हे सांगायचं झालं की सगळ्यांची जीभ अडखळते.

कारखान्याच्या फाटकावर एक फलक असतो. घातक रसायनांच्या कारखान्यांनी आपल्या सांडपाण्याची माहिती फाटकाबाहेर लोकांसाठी लावावी, असं 2003 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं ठरलं. असा एक फलक आम्ही जवळून पाहिला. रकाने नीट आखलेले, सामूचा आकडा, सीओडीचा आकडा, तारखेची जागा. फक्त आकडे ऑइलपेंटनं रंगवलेले होते. पावसानं ‘दिनांक’ हा शब्द धुऊन नेला होता, आकडे मात्र टवटवीत. इतकं स्थिर सांडपाणी जगात दुसरीकडे कुठे निघत असेल, असं वाटत नाही.

आता पाइपाकडे येऊ. वसाहतीचं सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्रात जातं, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘सीईटीपी’त, आणि तिथून पाइपानं सावित्रीच्या खाडीत. पाइप मधेच कुठे फुटला की बातमी येते, मासे मेले की बातमी येते, मग बैठक होते. बैठकीत वर्षानुवर्षं एकच वाद: पाइपाचं तोंड कुठे असावं? ओवळ्याला नको, आणखी पुढे न्या, आंबेतपर्यंत न्या. कुणाच्या दारात नको, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. पाइप लांबवायचा म्हणजे मोजमाप आलं, अंदाजपत्रक आलं, निविदा आली, भूमिपूजन आलं. तो गोल वळवून कारखान्यातच परत न्यायचा, तर नारळ फोडायला सोयीची जागासुद्धा सापडत नाही.

महाडच्या पंचांगात पाण्याचे दोन दिवस येतात. 20 मार्चला चवदार तळ्यावर देशभरातून माणूस लोटतो. 1927 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे ओंजळ भरून, पाणी कुणाचं हा प्रश्न साऱ्या देशापुढे टाकला. 22 मार्चला जागतिक जलदिन. त्या दिवशी पाणी कसं वाचवावं यावर भाषणं होतात आणि नळ बंद करून दात घासायचा सल्ला शाळेतल्या पोरांना मिळतो, कारण पोरं उलट बोलत नाहीत. पहिल्या दिवसाचा प्रश्न दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही. मधली 21 तारीख मोकळी असते. पाइप तिन्ही दिवस चालू.

आम्ही एका साहेबांना गाठून विचारलं, “साहेब, पाइपातून बाहेर पडणारं पाणी नियमात बसतं ना?”

“शंभर टक्के. सगळे पॅरामीटर लिमिटमध्ये. रिपोर्ट दाखवू?”

“नको, तुमच्यावर विश्वास आहे. मग एक करा. तुमची नदीचं पाणी ओढणारी जॅकवेल उचला आणि पाइपाच्या तोंडाशी नेऊन बसवा. नदीवरचा ताण कमी होईल.”

“अहो, खाडी ती. भरतीचं खारं पाणी येतं तिथे.”

“बरं, खाडीत सोडूच नका. प्रक्रिया झाली की थेट तुमच्याच टाकीत घ्या. पाइपाचे पैसेही वाचतील.”

साहेब दचकले. चष्मा काढून पुसला. “काय बोलताय राव! बॉयलरला ते पाणी कसं चालेल? एका महिन्यात ट्यूबा सडतील. लाखोंचं नुकसान होईल, जबाबदार कोण?”

“आणि दासगावला खाडीत जाळं टाकतात, त्यांना चालतं?”

“तुम्ही भलतंच बोलता,” साहेब म्हणाले. “आत्ताच सांगितलं ना, त्यांच्यासाठी ते नियमात आहे.”