तर्खडकर ते जर्मनी, व्हाया भूम

(धाराशिवचं एसटी स्टँड. भूमची गाडी अजून लागलेली नाही. बाकावर इंग्रजीचे निवृत्त सर. शेजारी त्यांचा माजी विद्यार्थी, मांडीवर वही, ओठांत पुटपुट.)

सर : काय रे, स्तोत्र म्हणतोस की काय?

विद्यार्थी : नाही सर, जर्मन पाठ करायलोय. डेर, डी, डास. डेन, डी, डास. डेम, डेर, डेम.

सर : वा! 'रामः रामौ रामाः'नंतर इतकं तालात काही ऐकलं नव्हतं. पण तू तर नर्सिंग केलंस ना?

विद्यार्थी : म्हणूनच तर. २०२४ साली आपल्या राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी करार केला, तिकडं माणसं पाहिजेत म्हणून. तवापासून आमच्या गल्लीत जो तो डेर-डी-डास करायलाय. बाप भट्टीवर खवा आटवतोय, पोरगं ओट्यावर जर्मन आटवतंय.

सर : मग, कितपत येतं?

विद्यार्थी : तक्ते सगळे येतात. बोलायला येत नाही.

सर : म्हणजे पाया पक्का आहे.

विद्यार्थी : पायाच आहे सर. इंग्रजीचा तुम्ही घातलेला पण अजून पायाच आहे. वर एक वीट चढली नाही.

सर : उद्धटपणा करू नकोस. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर या महाराष्ट्रातले वकील, मामलेदार, संपादक घडले.

विद्यार्थी : घडले असतील. मला तुमचं एकच वाक्य पाठ आहे. 'जर पाऊस पडला असता, तर शेतकऱ्याने पेरणी केली असती.'

सर : संकेतार्थ! आपल्या जिल्ह्यात याच्याइतकं उपयोगी वाक्य दुसरं दाखव.

विद्यार्थी : मराठीत उपयोगी आहे की. इंग्रजीत कुणाला सांगू? पावसाला?

सर : भाषांतरानं विचाराला शिस्त लागते.

विद्यार्थी : तेरचं आठवतंय का? लामतुरे संग्रहालय बघायला तो गोरा पाहुणा आला होता. 'म्युझियम कुठंय', एवढंच विचारलं बिचाऱ्यानं. तुम्ही आधी त्याचं मराठी केलं, मग उत्तराचा कर्ता शोधला, मग काळ ठरवला...

सर : उत्तर निर्दोष होतं.

विद्यार्थी : होतं की. पण तवर पानवाल्यानं 'गो, गो, लेफ्ट' म्हणून त्याला पोचवला पण.

सर : 'लेफ्ट'च्या आधी 'टू द' हवं होतं.

विद्यार्थी : पाहुण्याला म्युझियम हवं होतं. आणि सर, त्याच तेरचं नाव पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात 'तगर' म्हणून आहे. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं, तिथनं जहाजानं रोमनांच्या मुलखात. त्या व्यापाऱ्यांनी कुठली पाठमाला केली असंल?

सर : हिशोबाची. पण तो बाजार झाला, शिक्षण नव्हे. आमचे वडील बघ. निजामाच्या राजवटीतले. शाळा उर्दूतून, वर फारसी. फारसी क्रियापदांचा 'आमदनामा' तोंडपाठ. १९४८ साली राजवट गेली, क्रियापदं गेली नाहीत. म्हातारपणी झोपेतसुद्धा चालवायचे.

विद्यार्थी : फारसीत बोलायचे?

सर : कुणाशी बोलणार? इथं इराणी कुठला?

विद्यार्थी : आणि आमचे आजोबा शाळेची पायरी चढले नाहीत, पण शेळ्यांच्या बाजारात दखनीत असा सौदा करायचे, की समोरचा दाढी खाजवत पैसे मोजायचा.

सर : व्याकरण येत होतं त्यांना?

विद्यार्थी : शेळी विकली जात होती.

सर : कोणती? उस्मानाबादी?

विद्यार्थी : तीच की. जिल्हा धाराशिव झाला, शेळी अजून उस्मानाबादीच आहे.

सर : विशेषनामाचं विशेषण झालं की ते असं चिवट होतं.

विद्यार्थी : बघा! शेळीत पण व्याकरण. क्लासच्या मॅडम म्हणतात, ही तक्ते आणि भाषांतराची पद्धत जर्मनांनीच वाढवली. लॅटिन शिकवायची जुनी रीत प्रशियाच्या शाळांनी चालत्या-बोलत्या भाषांना लावली. आणि १८८२ साली फिएटोर नावाच्या जर्मनानंच पत्रक काढून सांगितलं, की हे बंद करा, मागं फिरा.

सर : घरभेदी!

विद्यार्थी : त्यांनी टाकून दिलेलं आपण अजून जपून वापरायलोय. त्याच्याही आधी, १८७८ साली, अमेरिकेत बर्लिट्झ म्हणून मास्तर होता. तो पडला आजारी. बदलीला फ्रेंच माणूस घेतला, तर त्याला इंग्रजीचं अक्षर येईना. भाषांतर करणार कसं? बिचारा वस्तू दाखवून, हातवारे करून फ्रेंचमधनंच बोलत राहिला. बर्लिट्झ बरा होऊन येऊन बघतो, तर पोरं फ्रेंच बोलायलीत. त्याच्यावर त्यानं जगभर शाळा काढल्या म्हणतात.

सर : तात्पर्य काय?

विद्यार्थी : नोकरीभर तुम्ही एकदा पण आजारी पडला नाहीत, सर.

सर : (चष्मा पुसत) आण ती वही इकडे. हे काय लिहिलंयस? 'वाइल इश म्यूडं बिन.'

विद्यार्थी : 'बिकॉज आय ॲम टायर्ड.' लई अवघड आहे सर. 'वाइल' आलं की क्रियापद उचलून शेवटी टाकायचं. नियम क्रमांक चौदा. मी दरवेळी विसरतो.

सर : मराठीत सांग.

विद्यार्थी : कारण मी दमलेला आहे.

सर : आता एकेक शब्द लाव. 'वाइल' म्हणजे कारण, 'इश' म्हणजे मी, 'म्यूडं' म्हणजे दमलेला, 'बिन' म्हणजे आहे. काय उचललंस? कुठं टाकलंस?

विद्यार्थी : ...आयला! सॉरी सर.

सर : तुझ्या तोंडात जन्मापासून बसलेली रचना तू नियम क्रमांक चौदा म्हणून घोकतोयस, कारण तुला जर्मन शिकवतायत इंग्रजीतून. भूमहून बार्शीला निघायचं आणि मुंबईवरून जायचं! बरं, हे घे. 'मी माणसाला चहा देतो.'

विद्यार्थी : 'इश गेबं डेम मान डेन टे.' यात 'डेम' कुठं आणि 'डेन' कुठं, हे काय कळत नाही.

सर : माणसाला, चतुर्थी : डेम. चहा हे कर्म, म्हणून द्वितीया : डेन. आपल्या द्वितीयेचा प्रत्यय इथं लपतो, त्यांचा दिसतो, एवढाच फरक. आणि तीन लिंगांना घाबरतोस कशाला? इंग्रज घाबरेल. तू दिवसभर तो-ती-ते करतोस. पोरगी नपुंसकलिंगी कशी, म्हणून सगळं जग जर्मनांना हसतं. आपण 'पोरगं' म्हणतो तेव्हा कुणी हसतं का?

विद्यार्थी : सर, हे क्लासमध्ये कुणीच सांगितलं नाही.

सर : म्हणून म्हणतो, भाषांतराला शिव्या देऊ नका.

विद्यार्थी : देत नाही. पण आत्ता समजायला पाच मिनिटं लागली. तुमच्या तासाला पाच वर्षं भाषांतरच चाललं होतं. मग बोलायचं कधी?

सर : (थोडं थांबून) परीक्षेत भाग किती असतात तुमच्या?

विद्यार्थी : चार. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं.

सर : आणि तक्त्यांचा?

विद्यार्थी : तक्त्यांचा वेगळा पेपरच नाही.

सर : नाही? मग ऐक. अडलं की मराठीशी लावून बघायचं, कळलं की वही मिटायची आणि बोलायचं.

विद्यार्थी : बोलू कुणाशी? भूममध्ये जर्मन कुठला?

सर : गल्लीतला जो तो शिकतोय म्हणालास ना? मग बोला एकमेकांशी, चुका, हसा. वॉर्डातला पेशंट तुला तक्ता विचारणार नाही. त्याला कुठं दुखतंय ते सांगेल, आणि ते कळेपर्यंत तू विमानात बसायचं नाहीस.