कर्जदाराचे दफ्तर

तक्रारदाराने आपली फिर्याद पुराव्यानिशी मांडावी, अशी कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांची अपेक्षा असते आणि ती सर्वस्वी रास्त आहे. तो पुरावा त्यांच्याच दफ्तरात कुलूपबंद असतो, एवढ्या क्षुल्लक कारणावरून त्या अपेक्षेला नावे ठेवणे सभ्यपणाचे होणार नाही. हप्त्यात न ठरलेला आकार कोठून शिरला, व्याजाचा दर कोणत्या तारखेस चढला, कर्जाच्या गळ्यात विम्याचे लोढणे कोणाच्या संमतीने अडकवले गेले, याचा उलगडा करारनाम्याची नक्कल, खात्याचा उतारा आणि दूरध्वनीवरील संभाषणाचे ध्वनिमुद्रण हाती आल्यावाचून व्हावयाचा नाही. सबब कर्जदार अर्ज करतो.

येथून पुढे एका अत्यंत चोखंदळ विस्मृतीचे दर्शन घडू लागते. जिला एक दिवस उशिरा भरलेल्या हप्त्याचे स्मरण वर्षानुवर्षे राहते, जिच्या वसुली खात्याला कर्जदाराच्या मेहुण्याचा मोबाइल क्रमांकही मुखोद्गत असतो, आणि जी प्रत्येक संभाषणाच्या आरंभी ते ‘सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी’ मुद्रित होत असल्याची मंजुळ वर्दी देते, त्याच संस्थेकडे ते संभाषण मागितले असता ते ‘सिस्टीममध्ये दिसत नाही’. दिसलेच, तर ते गोपनीय असते. कोणापासून गोपनीय, असे विचारण्याचा उद्धटपणा करू नये. कर्जदाराच्या खासगीपणाचे खुद्द कर्जदारापासून रक्षण करण्याइतकी निष्ठा या कलियुगात अन्यत्र आढळावयाची नाही. मग सही जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. कर्जाच्या कागदांवर फुली दिसेल तेथे घेतलेली हीच सही त्या दिवशी निर्विवाद जुळली होती. परंतु मनुष्याचा हात कर्ज घेताना स्थिर असतो आणि नक्कल मागताना कापतो, असा काही शरीरधर्म असावा.

सरकार स्वस्थ बसले आहे, असे मात्र नव्हे. कराराची प्रत, तीत उल्लेखिलेल्या यच्चयावत जोडपत्रांसह, मंजुरीच्या किंवा रक्कम देण्याच्या वेळीच कर्जदाराच्या हवाली करावी, हे रिझर्व्ह बँकेच्या उचित व्यवहार संहितेत स्वच्छ लिहिलेले आहे. कर्ज फिटल्यावर मिळकतीचे मूळ दस्तऐवज ३० दिवसांत परत न केल्यास संस्थेने आपल्या विलंबाबद्दल रोज ५,००० रुपये मोजावेत, असा दंडक रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये घालून दिला; पतअहवालातील चूक ३० दिवसांत न निस्तरल्यास रोज १०० रुपये भरपाई ठरली. विस्मृतीचा भाव दिवसावारी ठरला, की कपाटे आपोआप उघडू लागतात, हे कोणा चतुर कारकुनाने ओळखले असले पाहिजे.

त्याच वर्षी संसदेने वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा केला. संमतीने दिलेल्या आपल्या माहितीचा गोषवारा आणि ती कोणाकोणाला वाटली गेली त्यांची नावे मागण्याचा हक्क त्याने नागरिकास बहाल केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींस आणखी १८ महिन्यांची सवड मिळाली, कारण घाईने न्याय बिघडतो. तथापि कायद्याने नागरिकाचे कर्तव्यही विसरले जाऊ दिलेले नाही: खोटी अथवा क्षुल्लक तक्रार केल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड. तक्रार क्षुल्लक नाही हे ज्या कागदावरून सिद्ध व्हावयाचे, तो कागद कोणापाशी असतो, हे वर सांगून झालेच आहे.

आपल्याकडे दफ्तरे सावकाशच उघडतात. पेशवाई १८१८ साली बुडाली, आणि पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे खंड रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली छापून निघू लागण्यास १९३० साल उजाडावे लागले. परंतु इतिहाससंशोधकाला कालमर्यादा नसते, कर्जदाराला असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेने आधी संस्थेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस वाट पाहावयास सांगितले, आणि उत्तर आल्यास त्यापासून एका वर्षाच्या आत लोकपालाचे दार ठोठावण्यास. म्हणून संस्था मुळीच गप्प बसत नाही. ‘आपले म्हणणे आम्ही काळजीपूर्वक तपासले असून सर्व आकार नियमानुसार आहेत’ असे दोन ओळींचे उत्तर ती तत्परतेने धाडते, आणि मुदतीचे घड्याळ त्या ओळींपासून चालू लागते.

अखेर तक्रार लोकपालाकडे दाखल होते. त्या योजनेप्रमाणे संस्थेने १५ दिवसांत आपली लेखी कैफियत दस्तऐवजांसह रुजू करावयाची असते. आणि काय चमत्कार सांगावा, सिस्टीममध्ये न दिसणारे ते ध्वनिमुद्रण तारीख, वार व वेळेसह तत्काळ सापडते. विम्यासंबंधीचा प्रश्न त्यात खरखरीमुळे नीट ऐकू येत नाही. त्यावर कर्जदाराने दिलेला ‘हो’ मात्र अगदी स्पष्ट आहे.