सूर्याला मित्र, पंपाला कोणी नाही

ऊर्जा संक्रमण, म्हणजे कोळशाच्या विजेची जागा ऊन-वाऱ्याच्या विजेने घेणे, ही प्रक्रिया शासनदरबारी फीत कापताच पूर्ण होते. त्यानंतर होणारा बिघाड हा निसर्गाचा प्रांत मानला जातो. या संक्रमणासाठी कुशल माणसे घडविण्यास ‘मनुष्यबळाची क्षमताबांधणी’ असे भारदस्त नाव असून, 2015 साली सुरू झालेल्या ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षणात 600 तासांच्या निवासी अभ्यासक्रमातून पाच वर्षांत 50,000 तंत्रज्ञ तयार करण्याचे उद्दिष्ट होते. सूर्याला मित्रांची वाण कधीच नव्हती. प्रश्न पंपाच्या मित्राचा आहे.

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावच्या शिवारात सौर पंप बंद पडला, असे अभ्यासापुरते गृहीत धरू. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी किमतीच्या 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी 5 टक्के भरतो, आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी मिळते. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून पाणी द्यावे लागत नाही, हा लाभ निर्विवाद आहे. मात्र तक्रार नोंदवल्यापासून तंत्रज्ञ बांधावर पोहोचेपर्यंत पीक थांबत नाही, म्हणून शेतकरी गावातल्या वायरमनला हाक मारतो. त्याची उभी हयात डीपीवर फ्यूज टाकण्यात गेलेली असते आणि ‘आधी लाईन बंद करा’ हा त्याचा मूलमंत्र असतो; पण ऊन आहे तोवर पॅनेल बंद होत नाही. शिवाय पॅनेलची वीज एकदिश, म्हणजे एकाच दिशेने अखंड वाहणारी असल्यामुळे, सैल जोडणीत पेटलेली ठिणगी सहजी विझत नाही. हे वायरमनला शिकवण्याऐवजी त्याला लांब राहण्याचा सल्ला देणे स्वस्त पडते. इकडे प्रशिक्षित सूर्यमित्राने गावी राहावे, तर विखुरलेल्या पंपांच्या अधूनमधून होणाऱ्या दुरुस्तीवर घर चालत नाही. तो पुण्याची गाडी धरतो.

वस्तुतः मनुष्यबळ नियोजनाची कार्यक्षम यंत्रणा या भागात फार पूर्वीपासून आहे आणि तिचे नाव मुकादम असे आहे. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ धरून तो ऊसतोडीची माणसे मोजतो, ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम हंगामापूर्वीच हातावर ठेवतो आणि दिवाळीच्या सुमारास टोळी उसाच्या फडावर पोहोचवतो. ही व्यवस्था कर्जाच्या दोरीने बांधलेली व निर्दय आहे, हे खरेच. तरीही कोणता माणूस कोणत्या दिवशी कोठे लागेल हे तिला ठाऊक असते, आणि एवढी माहिती कौशल्य विकासाच्या कोणत्याही सादरीकरणात आढळत नाही.

शेजारच्या परळीचे औष्णिक केंद्र, ज्याचा पहिला संच 1971 मध्ये सुरू झाला, 2015 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. उन्हाला पाणी लागत नाही, असे म्हणावे तर पॅनेलवरची धूळ धुवायला ते लागतेच, आणि धुणारे हातही लागतात. गंगाखेडच्या जनाबाईच्या जात्याला खुद्द विठ्ठलाने हात लावल्याची श्रद्धा आहे. क्षमताबांधणीचा आराखडा बहुधा त्याच भरवशावर बेतलेला असावा.

पॅनेलचे आयुष्य साधारण 25 वर्षे आणि हमी 5 वर्षांची. उरलेल्या 20 वर्षांसाठी गटागटाने पंप सोपवून गावच्याच वायरमनला प्रशिक्षण आणि ठरावीक मासिक मेहनताना द्यावा. त्याचा खर्च फीत कापण्याच्या मांडवाहून फार नसेल.