गाय, कडबा आणि तिसरं मूल

सरकारनं लोकांना मुलं वाढवायला पैसे द्यावेत की नाही, हा प्रश्न आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात आला तो आंध्रमार्गे. २०२४च्या ऑक्टोबरात चंद्राबाबू नायडूंनी सांगून टाकलं, की आता दोनवर थांबू नका, राज्य म्हातारं होत चाललंय. १९९४ साली याच आंध्रानं दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांना स्थानिक निवडणुकीची दारं बंद केली होती. ती बंदी नायडूंच्या सरकारनं महिन्याभरात उठवलीही. पुढं २०२५च्या मार्चमध्ये तिथल्या एका खासदारानं जाहीर केलं, की तिसरी मुलगी झाली तर पन्नास हजार रुपये आणि मुलगा झाला तर गाय. पेपरात हे छापून आलं त्या दिवशी आमच्या ओट्यावरची चर्चा मुलावरून जी गाईवर गेली ती परत आलीच नाही. गीर की जर्सी? गाभण की भाकड? वासरू सोबत की नुसतीच? शेजारचे नाना भुसावळहून गार्ड म्हणून निवृत्त झालेत. त्यामुळं सगळं सामान गाडीत चढल्याशिवाय ते हिरवा झेंडा दाखवत नाहीत. ते शेवटी म्हणाले, "गाय देतीन भो, पन कडबा कोन देईन?"

या वादावर देशोदेशीच्या अर्थशास्त्र्यांनी बरंच लिहून ठेवलंय. नानांच्या पुढं कोणी फारसं गेलेलं नाही, असं माझं मत आहे.

आकडा सांगायचा तर २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या एका बाईमागे मुलं निघाली १.७. लोकसंख्या आहे तिथं टिकायची तर २.१ लागतात. २०२४च्या डिसेंबरात नागपुरात सरसंघचालक मोहन भागवतांनी तिनाचा आग्रह धरला, तोही याच २.१वरून. दोन तर कोणीही समजू शकतो, पण वरचं एक दशांश मूल कोणाच्या घरी घालायचं, हे ठरत नसल्यामुळं हिशेब सगळ्यांनाच तीन पडतो.

गंमत आहे ती सांगणाऱ्याची. आषाढी एकादशीला आमच्याकडे रथ निघतो. दोर ओढायला शेकडो हात असतात, पण रथ खरा सांभाळतात ते चाकाशी वाकलेले मोगरीवाले. लाकडाची मोगरी नेमक्या वेळी चाकाखाली सारायची, वेग मारायचा, वळण साधायचं. आपलं सरकार १९५२पासून असंच मोगरी घेऊन चाकाशी वाकलेलं आहे. दवाखान्याच्या भिंतीवर लाल त्रिकोण, 'हम दो हमारे दो', पाळणा लांबवा, तांबी बसवा, बिनटाक्याचं करून घ्या. १९७६ साली तर महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. तेव्हा सरकारी जीप दिसली की भली भली माणसं उभ्या ज्वारीत शिरायची, असं नाना सांगतात. ते स्वतः कुठं होते, हे सांगत नाहीत.

त्याच्याही आधी, १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. गणिताच्या या प्राध्यापकाला त्यापायी कॉलेजातली नोकरी गमवावी लागली. मुलं कमी असावीत म्हटल्यावर ज्या समाजानं कानावर हात ठेवले, त्याच समाजाला पुढं सरकारनं पन्नास-साठ वर्षं तेच शिकवलं, आणि समाज ते नीट शिकला. आता रथ चढाला लागलाय म्हणे. मोगरीवाल्यालाच सांगणं आहे, ऊठ बाबा, आता दोर ओढ. वाकून वाकून त्याची पाठ तशीच राहिली असली तर आश्चर्य नाही.

कारण त्याची कागदपत्रं अजून वाकलेलीच आहेत. १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. अर्जांच्या छाननीच्या दिवशी गावोगावी प्रतिस्पर्ध्याच्या घरची बारशी मोजणारी माणसं त्यामुळंच तयार झाली. बारशाला घुगऱ्या खाल्लेला माणूसच पाच वर्षांनी हरकत घेऊन उभा राहतो. २००५च्या नियमांप्रमाणं राज्य सरकारच्या नोकरीलाही छोटं कुटुंब लागतं. नोकरी करणाऱ्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा आणि तिसऱ्याला १२. जणू तिसरं बाळ अनुभवी असतं. केंद्राच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. तिसऱ्याचं त्या कागदात नावही नाही. आपली 'लेक लाडकी' पाहा. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरात १ एप्रिल २०२३नंतर मुलगी जन्मली की ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. सगळे मिळून एक लाख एक हजार. वरचा एक हजार पाहून मला बरं वाटलं. सरकारलाही आहेराची रीत ठाऊक आहे. पण अकरावीला आठ हजार घेऊन लातूरला पोरगी ठेवायला गेलेल्या बापानं तिथं खोलीचं भाडं आणि मेसचा दर विचारून यावा, मग बोलू.

इथं कोणीतरी हमखास म्हणतं, "आम्ही सात भावंडं होतो, तेव्हा कुठं होतं अनुदान?" आम्हीही सातच होतो. जुन्या पिंप्राळ्यात धाब्याचं घर, पुढं ओटा, मागं गोठा. मोठ्या भावाची चड्डी तिघांच्या अंगावरून खाली उतरत यायची आणि शेवटी तिचं पोतेरं व्हायचं. शाळेला फी नव्हती, पाटी एक, पुस्तकं वरच्या वर्गातल्याची. आजारी पडलं की ओवा, नाहीच भागलं तर डॉक्टर. हे सगळं आठवून आम्ही पुरुष मंडळी डोळे पुसतो आणि सांगतो, की खर्च असा नव्हताच.

खर्च होता. तो वहीत मांडलेला नव्हता, एवढंच. मोठी आई पहाटे चारला उठायची. आई, दोन काकू, घरी परतलेली विधवा आत्या अशा चार बायांचे आठ हात दिवसभर चालायचे. कळण्याच्या भाकरीचा ढीग एकीनं थापायचा, दुसरीनं न्हाणीघराशी पोरं घासायची, उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून बिबडे घालायचे आणि खाटेवरच्या बिबड्यांना राखण म्हणून आम्हाला बसवायचं. राखणदारांनी निम्मे ओलेच खाल्ले की ओरडायलाही माणूस मोकळं असायचं. कुठल्या पोराला कोणी भरवलं, याची मोजदाद नव्हती. नानांच्या भाषेत सांगायचं तर घरात गाई भरपूर होत्या आणि कडबा बाया पुरवत होत्या, फुकट. आणि सगळी बाळं वाचायचीही नाहीत. मोठी आई दहा वेळा बाळंत झाली, जगली सहा. १९४४ साली सोव्हिएत रशियानं दहा मुलांच्या आईसाठी 'वीरमाता' असा किताब काढला होता. त्या नियमात आधीची नऊ हयात लागत. मोठ्या आईला तो पिंप्राळ्यातच काय, मॉस्कोतही मिळाला नसता.

आता त्या शेतांवर प्लॉट पडून कॉलन्या झाल्यात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, दारात दुचाकी. आत्या मिळत नाही, काकू पुण्याला असते आणि आजीचे गुडघे बदललेले असतात. मूल एक असलं तरी त्याच्यामागं पूर्ण वेळ एक माणूस लागतं. ते माणूस घरी बसलं तर पगार जातो आणि कामाला गेलं तर मूल बसतं, मोबाइलपुढं.

पण थांबा, तिसऱ्याच्या आधी पहिलं, आणि पहिल्याच्या आधी लग्न. २०११च्या जनगणनेत आमच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८४२. सोनोग्राफीच्या खोलीत काय चालतं ते ओळखून महाराष्ट्रानं १९८८ सालीच देशात पहिला कायदा केला होता, तरी हा आकडा आला. ती मुलं आता मिसरूड फुटून बायोडाटाच्या वयाकडं निघालीत. त्यांच्या वरच्या वयाचे तर आताच रांगेत आहेत. चार एकर बागायत, पक्कं घर, निर्व्यसनी. तरी मुलीकडचे विचारतात, पुण्यात फ्लॅट आहे का? २०२२च्या डिसेंबरात सोलापुरात बिनलग्नाचे तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले, आम्हाला नवरी द्या म्हणाले. पेपरवाल्यांनी फोटो छापले, लोक हसले. मला त्यातला एकही चेहरा परका वाटला नाही. आमच्या रथाच्या गर्दीत असे शंभर दिसतील. यांना तिसऱ्या मुलाचं अनुदान देऊ करणं म्हणजे त्यांची थट्टाच.

बाहेरच्या देशांनी पैसे देऊन पाहिलेत. हंगेरीत चार मुलांच्या आईला २०२०पासून जन्मभर आयकर माफ. तिथं जन्मदर काही वर्षं वर चढला, १.६पर्यंत गेला आणि पुन्हा १.४च्या खाली उतरला. (ही योजना खानदेशात आणायचीच नाही, शेतीच्या उत्पन्नाला मुळात आयकर नाही, माफ काय करणार?) दक्षिण कोरियानं पाण्यासारखा पैसा ओतला, २०२३ साली तिथला आकडा ०.७२ झाला. सिंगापूर आधी दोनवर थांबा म्हणत होतं, १९८७ साली म्हणालं, तीन होऊ द्या, परवडत असतील तर. त्या 'परवडत असतील तर'मध्ये सगळं आलं.

आणि आपल्याकडे कोणी असं केलंच नाही, असंही नाही. केंद्र सरकारची 'जियो पारसी' योजना २०१३पासून चालू आहे. १९४१ साली देशात १,१४,८९० पारशी होते, २०११ला उरले ५७,२६४, त्यातले बहुतेक मुंबईत. एकीकडं साऱ्या देशाला 'पुरे' आणि मुंबईच्या पारशी कॉलनीत त्याच सरकारचं 'होऊ द्या'. पहिल्यांदा वंध्यत्वाच्या उपचारांना पैसे दिले, समुपदेशन केलं. पुढं शहाण्या माणसांच्या लक्षात आलं, की लग्नं उशिरा होतात, एकेका जोडप्यावर चार-चार म्हातारे असतात, मग पाळणा हलवायला हात कुठून येणार? तेव्हा २०१७मध्ये मूल सांभाळायला आणि घरातल्या वृद्धांचं करायलाही मदत सुरू झाली. दशकभरात चारशेच्या आसपास बाळं जन्मली. लोकसंख्येच्या दृष्टीनं हे काहीच नाही. पण योजनेला बाळापासून आजीच्या औषधापर्यंत यायला चार वर्षं लागली, हे मला त्यातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. सरकारलाही कडब्याचा शोध लागतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की मदत जरूर द्यावी, पण ती तिसऱ्यावर लावू नये. तिसऱ्याला बक्षीस ठेवलं की पहिली दोन ही पात्रता फेरी होते, आणि बाईचं शरीर ही सरकारी मोहीम. आपण ते १९७६ला उलट्या बाजूनं पाहिलंय. जन्मलेल्या प्रत्येकाला द्या, कितवा ते विचारू नका.

आमच्या सूनबाई एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात हिशेब पाहतात. नातू चार वर्षांचा. अंगणवाडी दुपारी सुटते, कारखाना संध्याकाळी. पन्नास किंवा जास्त माणसं असली की मालकानं पाळणाघर द्यायचं, असा २०१७पासून कायदा आहे. त्यांच्याकडे बरीच वर्षं माणसं एकोणपन्नास आहेत. परवा नाना ओट्यावर बसून मोठ्या उत्साहानं तिला आंध्रातली गाय, हंगेरीतला कर, सगळं समजावून सांगत होते. ती हातातली पिशवी तशीच धरून ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "नाना, गाय नको. नऊ ते सहा उघडं राहणारं पाळणाघर आणा. आणि ह्यांना बाळंतपणात रजा मिळेल असं काहीतरी करा."

"केंद्रवाल्याले मियते ना," नाना म्हणाले, "पंधरा दिवस."

"हे केंद्रात नाहीत, पाइपांच्या दुकानात आहेत."

नाना थोडा वेळ गप्प बसले. मग मूळ मुद्द्यावर आले, "मंग तिसऱ्याचं काय?"

"नाना," ती आत जाता जाता म्हणाली, "दुसऱ्याचंच अजून ठरलेलं नाही."