बी. ए. (महाडीबीटी)

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आमच्या नांदेड-लातूरकडच्या बी. ए., बी. कॉम.च्या पोरांच्या वाट्याला मेजर, मायनर, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्यवर्धन, क्षेत्र प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग असं बरंच काही आलं आहे. हिशेब सोपा आहे. 15 तास व्याख्यान ऐकलं की एक श्रेयांक, 30 तास प्रात्यक्षिक केलं की एक श्रेयांक. आता तालुक्याच्या कॉलेजातल्या शेदोनशे मुलांना क्षेत्र प्रकल्पासाठी पाठवायचं कुठे? गावात एक जिनिंग, एक दूध संकलन केंद्र आणि एक पतसंस्था, तीही अवसायनात. माझं म्हणणं असं की इतकी शोधाशोध करायचं कारणच नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या चारही जिल्ह्यांत कितीतरी मुलं दर वर्षी कुणीही न सांगता एक दणदणीत क्षेत्र प्रकल्प पार पाडतात. त्याचं नाव महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा फॉर्म. या कामाला चार श्रेयांक द्यावेत, अशी माझी विद्यापीठाला नम्र सूचना आहे. ती कुणी थट्टेवारी नेऊ नये म्हणून पुढचा हा सगळा युक्तिवाद.

आधी अभ्यासक्रमाची खोली पाहा. शिष्यवृत्ती म्हटली की जातीचा दाखला आला, आणि दाखला म्हटला की पुरावा आला. अनुसूचित जातीला 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना 1967 पूर्वीचा. पुण्या-मुंबईकडे हे काम कपाटातली फाईल काढण्याइतकं असेल. मराठवाड्यात ती इतिहासाची प्रात्यक्षिक परीक्षा असते. उदगीरचं एखादं घर घ्या. आजोबा ज्या माळवदाच्या घरात जन्मले, त्याच घरात नातू मोबाईल चार्जिंगला लावून बसला आहे. घर तसूभर हललेलं नाही. पण आजोबा शाळेत गेले तेव्हा उदगीर हैदराबाद संस्थानातल्या बिदर जिल्ह्यात होतं. 1956 साली राज्य पुनर्रचना झाली आणि ते मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आलं. 1960 साली महाराष्ट्र झाला. 16 ऑगस्ट 1982 रोजी लातूर जिल्हा वेगळा निघाला. मागे राहिलेल्या उस्मानाबादचं 2023 साली धाराशिव झालं. म्हणजे आजोबांच्या कागदावर बिदर, वडिलांच्या टीसीवर उस्मानाबाद आणि मुलाच्या आधारवर लातूर. खिडकीपलीकडचा माणूस तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतो, चष्म्यावरून बघतो आणि विचारतो, "तुम्ही मूळचे कुठले?" या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला एम. ए.चा एक पेपर पुरणार नाही. त्यात निजामी दफ्तर उर्दूत आणि जुने कागद मोडीत. 2023 साली न्या. संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं सरकारला मुद्दाम जमवावी लागली. ज्या कामासाठी सरकारला समिती लागते, ते इथला 18 वर्षांचा पोरगा चुलत्याच्या फटफटीवर मागं बसून करून येतो. दोन श्रेयांक तर इथेच वसूल झाले.

मग अर्थशास्त्र. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही मुळात 1944 सालची, तिला वय आहे, प्रतिष्ठा आहे. अनुसूचित जातीच्या मुलाला तिचा लाभ घ्यायचा तर घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. ही मर्यादा गेल्या दहापेक्षा जास्त वर्षांत जागची हललेली नाही. खताचं पोतं, कॉलेजची फी आणि एसटीचं तिकीट मात्र हललं. खुल्या वर्गातल्या मुलांच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला हीच मर्यादा आठ लाख आहे. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या गरिबीत साडेपाच लाखांचं अंतर कसं पडतं, हे सांगणारा धडा अजून कुठल्या पाठ्यपुस्तकात आलेला नाही. उत्पन्नाच्या दाखल्याचं शास्त्र तर आणखी सूक्ष्म. कोरडवाहू शेतकऱ्याला आपलं यंदाचं उत्पन्न किती हे लातूरच्या आडतीवर सोयाबीनची पट्टी हातात पडेपर्यंत कळत नाही. तलाठ्याला ते सज्जावर बसल्या बसल्या कळतं, तेही पूर्ण हजारात. शिवाय दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते. 1 एप्रिलच्या सकाळी अख्खा तालुका कागदोपत्री गरीब राहत नाही. पुन्हा गरीब व्हायला नवा अर्ज करावा लागतो. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराचा मुद्रांक पाचशेचा झाला, तेव्हा आपण गरीब आहोत अशी शपथ घ्यायची तर आधी पाचशेची नोट मोडा, अशी वेळ आली. मार्च 2025 मध्ये विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रांना हे शुल्क माफ केल्याचं महसूल खात्याने जाहीर केलं. चांगलं केलं. मधल्या पाच महिन्यांत पोरांनी सार्वजनिक वित्तव्यवहाराचा जो अभ्यास केला, तो मात्र वाया जाऊ नये.

बँकिंग हा सक्तीचा विषय. 2017 हे वर्ष या दृष्टीने मराठवाड्याने कायम लक्षात ठेवावं. 1 एप्रिलला स्टेट बँक ऑफ हैदराबाद स्टेट बँकेत विलीन झाली. आमच्याकडे 'हैदराबाद बँक' म्हणजे नुसती बँक नव्हती, पीककर्जापासून पेन्शनपर्यंत सगळा संसार तिच्यात होता. पासबुकावरचा आयएफएससी कोड बदलला आणि त्याच वर्षी महाडीबीटीचं पोर्टलही सुरू झालं. पहिल्या वर्षी ते इतकं अडखळलं की अर्ज पुन्हा कागदावर घ्यायची पाळी आली. आता ते बरंच सुधारलं आहे, पण त्यात एक गूढ अजून शिल्लक आहे. विद्यार्थी आपला खाते क्रमांक कितीही काळजीपूर्वक भरो, पैसे त्या खात्यात येतीलच असं नाही. ते येतात आधार ज्या खात्याशी शेवटचं जोडलं गेलं असेल तिथे. ते पाचवीत असताना शाळेने उघडलेलं झिरो बॅलन्सचं खातं असू शकतं, किंवा सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन परस्पर उघडलेलं. मग पोर्टल म्हणतं पैसे दिले, बँक म्हणते आले नाहीत, आणि दोघंही खरं बोलत असतात. सत्याला अनेक बाजू असतात हे तत्त्वज्ञानाच्या तासाला तीन वर्षं सांगून पटत नाही, ते आधार सीडिंगच्या रांगेत एका दुपारी पटतं.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप जबाबदार माणसांचा असतो: एवढे कागद मागितले नाहीत तर लबाडी होईल. लबाडी झाली हे खरंच आहे. 2016 साली राज्य सरकारला शिष्यवृत्तीतल्या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी विशेष कृती दल नेमावं लागलं. पण या लबाडीची रीत काय असते? संस्थेच्या पटावर मुलं दाखवायची, प्रत्यक्षात ती नसतातच, आणि फी मात्र सरकारकडून उचलायची. यातली गंमत अशी की जो विद्यार्थी अस्तित्वातच नाही, त्याचे कागद कधीच अपुरे नसतात. त्याच्या नावातली वेलांटी आधारवर ऱ्हस्व आणि टीसीवर दीर्घ नसते. त्याच्या वडिलांना जिल्हा बदलावा लागलेला नसतो. त्याचा बोनाफाईड पावसात भिजत नाही. कागद तपासून पकडायचं म्हटलं तर चाळणीतून बोगस अलगद खाली उतरतो आणि खरा वर अडकतो. त्रुटी हाच अस्सलपणाचा पुरावा आहे, असं माझं मत झालं आहे. ज्याचा फॉर्म एकदाही 'सेंड बॅक' झाला नाही, त्याच्या घरी आधी चौकशीला जावं.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे: सरकार पैसे देतंय, तर थोडी धावपळ करायला काय हरकत आहे, विनाअट कोण देतं? हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात विचारला असता तर चाललं असतं. नांदेडात विचारायला नको होता. तिथे सचखंड हुजूर साहिबच्या परिसरात लंगर चालतो. पंगतीत बसणाऱ्याला कुणी नाव, गाव, जात, उत्पन्न विचारत नाही, अर्ज नाही, ओटीपी नाही. यावर लगेच उत्तर येईल की लंगरात लबाडीला पोटाचीच मर्यादा असते. दहा पोळ्यांच्या पुढे भ्रष्टाचार जात नाही, रोख रकमेचं तसं नसतं. मुद्दा मान्य. म्हणूनच स्वाधारची रक्कम पाहावी. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी 2016-17 पासूनची ही योजना, आणि गरजेची. मोठ्या शहरांना ती वर्षाला 60,000 देते. इतर जिल्ह्यांच्या ठिकाणांसाठी 43,000. त्यातले जेवणाचे 25,000. भागून पाहा, दिवसाला 68 रुपये. खोलीभाड्याचे 12,000, म्हणजे महिना एक हजार, आणि तेवढ्यात खोली देणारा घरमालक भाडेकरारावर सही करायलाही तयार हवा. इथेसुद्धा पोटाची मर्यादा पुरेशी घातलेली आहे. वर आणखी पहारा बसवायची गरज दिसत नाही. शिवाय 75 टक्के हजेरीची अट आहे. उरलेले 25 टक्के दिवस कुठे घालवायचे हे नियमात लिहिलेलं नसलं, तरी तहसीलच्या पायऱ्यांवर कळतं.

आता सगळं ऑनलाईन झालंय, मग त्रास कसला, असंही कुणी म्हणेल. ऑनलाईन झालंय हे खरं. कागद स्कॅन करायचे, ठराविक केबीत बसतील असे दाबायचे. दाबले की तहसीलदारांचा शिक्का दिसत नाही, शिक्का दिसला की साईझ बसत नाही. हे साधलं की अपलोड करायचे. मग अपलोड केलेल्या अर्जाची प्रिंट काढून, तिला सगळ्या झेरॉक्स जोडून, हार्ड कॉपी कॉलेजात नेऊन द्यायची. पूर्वी तर मंजुरी मिळाल्यावरही 'रिडीम'चं बटण दाबावं लागायचं. ते ठाऊक नसलेल्यांचे मंजूर पैसे तसेच पडून राहत. कॉलेजातला शिष्यवृत्तीचा क्लार्क रात्री बारानंतर सर्व्हर हलका असतो म्हणून घरून लॉगिन करत बसतो, हे मी कौतुकाने लिहितो आहे. श्रेयांक सुरू झालेच, तर या गृहस्थांना विभागप्रमुख करावं. शासन निर्णय वाचून त्याचा अर्थ लावणारा गावात दुसरा कुणी नसतो. जुलै 2024 मध्ये 'मुलींना मोफत उच्च शिक्षण' अशी बातमी आली, तेव्हा हा लाभ व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, बी. ए.ला नाही, हे काउंटरसमोरच्या मुलींना प्रत्येकीला वेगळं समजावून सांगायचं काम त्याच्यासारख्यांनीच केलं.

राहता राहिला मूल्यमापनाचा प्रश्न. लातूर पॅटर्न हाताशी असताना तोही अवघड नाही. सराव, पुन्हा सराव, चुकलेलं पुन्हा सोडवणं, या पद्धतीवर ज्या गावाने राज्यभरची पोरं गोळा केली, त्याने ट्यूशन एरियात महाडीबीटीचा एक क्रॅश कोर्स काढायला काय हरकत आहे? अंतर्गत गुण कॉलेजने द्यावेत, बहिःस्थ परीक्षक समाजकल्याण आणि कोषागार. 'सेंड बॅक' म्हणजे एटीकेटी. पहिला हप्ता त्याच शैक्षणिक वर्षात खात्यावर आला तर विशेष प्रावीण्य. दुसरा हप्ता बी. ए. होऊन गेल्यावर आला, तर ते श्रेयांक एम. ए.कडे वर्ग करावेत. श्रेयांक जमा ठेवायची बँक सरकारने काढलेलीच आहे, आणि तिला आधार सीडिंगची सवय आहे. विद्यापीठाचा परीक्षा विभाग नक्की विचारील की या जादा पेपरचं परीक्षा शुल्क कोण भरणार. विद्यार्थ्यांकडून खुशाल आगाऊ घ्यावं. परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती करणारी योजना आहे, तिचा फॉर्म महाडीबीटीवर भरता येतो.