एरियामामा

बुलडाणा जिल्ह्यात तालुके १३. दर तालुक्याला एक तहसीलदार असतो आणि निदान एक एरियामामा. तहसीलदाराची बदली होते. एरियामामा मात्र ज्या ओट्यावर बसला तिथंच म्हातारा होतो, आणि तिथं बसूनच पुणे, मुंबई, नागपूर, झालंच तर हैदराबाद, यांतल्या कुठल्या भागात आपलं लेकरू ठेवावं नि कुठल्या भागात ठेवू नये, याचे दाखले देतो. दाखल्यावर शिक्का नसतो, पण तो मिळाल्याशिवाय गावातून पोरीची बॅग हलत नाही.

या पदाला शिक्षणाची अट नाही. पुण्याला एकदा जाऊन आलेलं असावं, एवढंच. आणि ते जाणं जितकं जुनं, तितका अधिकार मोठा. माझे सख्खे मामा तरुणपणी सैन्यभरतीसाठी पुण्याला गेले होते. छाती दोन सेंटिमीटर कमी भरली आणि तिसऱ्या दिवशी ते परत आले. त्या तीन दिवसांच्या भांडवलावर त्यांनी तीस वर्षं सल्ले दिले. "खराडी? काहून बापा, तथी तं ज्वारीचं वावर हाये," हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. ज्याला ते सांगत होते त्या पोराच्या हातात खराडीतल्याच आयटी कंपनीचं ऑफर लेटर होतं.

२०२४च्या दिवाळीनंतर तसलंच लेटर मलाही आलं. "पोरीले मी सोता एरिया पाहून ठेवून येतो," मामांनी जाहीर केलं आणि आईचा जीव भांड्यात पडला. माझ्या भावाच्या वेळी कुणाचा जीव कुठंच अडकला नव्हता. तो नऱ्ह्यात एका खोलीत सात जणांबरोबर राहिला. कुणी विचारलं नाही की तिथं दिवा आहे का, रस्ता आहे का. पुढं मोटारसायकल चोरीला गेली ती त्याचीच. पण एरिया पाहायचा तो पोरींसाठी, अशी आमच्याकडची पद्धत.

घाटाखालून नांदुरा-मलकापूरकडून पुण्याला जायला महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे, पण मामांनी ट्रॅव्हल्सच धरली. गाडीत पाय पसरून झोपता येतं हे कारण सांगितलं, खरं कारण ड्रायव्हर ओळखीचा होता हे. राजूर घाट चढून बुलडाणा, मग चिखली, संभाजीनगर, नगर, शिरूर. पहाटे क्लीनर ओरडतो, "वाघोलीऽऽ, खराडी बायपास, चंदननगर!" आमच्या जिल्ह्याचं पुणं असं वाघोलीपासून सुरू होतं. शनिवारवाडा, तुळशीबाग वगैरे ज्याचं त्याला. जिथं झोप मोडली तिथं खोली घेतली, असा आमच्या अर्ध्या पोरांचा इतिहास आहे आणि त्यामुळं नगर रोडवर 'एमएच २८'च्या इतक्या गाड्या दिसतात की मामांना क्षणभर आपण चिखलीतच उतरलो असं वाटलं.

वाघोली त्यांना पसंत पडत आली होती. ग्रामपंचायत आहे म्हणजे सरपंच असणार, आणि सरपंच असणार म्हणजे ओटा असणार. मी सांगितलं की २०२१ साली २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात वाघोलीही गेली. मामांनी बॅग खाली ठेवली. "मंग आता रात्री-बेरात्री काही झालं तं जाचं कोनाकडे?" नगरसेवकाकडे, मी म्हटलं. मग आठवलं की निवडणुका रखडल्या होत्या, नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. "त्याचं घर कुठी हाये?" मामांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. वाघोली बाद.

आता मामांची पद्धत सांगते, कारण तिच्याशिवाय हे पद कळायचं नाही. त्यांचं गाव भेंडवळपासून फार लांब नाही. अक्षय्य तृतीयेला तिथं घटमांडणी होते, हे बाहेरच्यांनाही टीव्हीमुळं माहीत असतं. शेतात गोल आखून १८ प्रकारची धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, पापड, कुरडई, भजी, पानसुपारी. रात्रभर तिकडं कुणी फिरकायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहायचं काय सरकलं, काय जागच्या जागी राहिलं, आणि त्यावरून पाऊस, पीक आणि राजाची गादी सांगायची. शास्त्राचं म्हणाल तर यात काही नाही. पण लहानपणापासून ते पाहिलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट रात्री मांडून सकाळी वाचायची सवय लागते.

मामांनी एरियाची घटमांडणी केली. तीन रात्री आम्ही तीन ठिकाणी गाववाल्यांकडे राहिलो. रोज रात्री झोपण्यापूर्वी ते दाराबाहेर आपली चप्पल, एक रिकामी स्टीलची बाटली आणि दोन कांदे मांडून ठेवत आणि उजाडायच्या आत उठून पाहत. पहिल्या ठिकाणी, जिथं दर मजल्यावर वसतिगृह होतं, चप्पल आणि बाटली शाबूत, कांदे गायब. "पोट्टे उपाशी हायेत, चोर नाहीत," मामा म्हणाले. दुसरी रात्र सदाशिव पेठेत, नांदुऱ्याचा एक जण एमपीएससीचा अभ्यास करतो त्याच्याकडे. सकाळी सगळं जागेवर होतं. फक्त चपला नीट जोडून ठेवलेल्या आणि त्यांवर चिठ्ठी, 'पादत्राणे जिन्याखाली ठेवावीत. कांदे घरात ठेवावेत.' मामांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. "अथी चोरी होनार नाही. पन जगू बी देनार नाहीत."

याच खोलीत माझा धीर सुटला. मी म्हटलं, "मामा, जिजाऊ आपल्याच जिल्ह्यातल्या, सिंदखेडराजाच्या. त्या पुण्यात आल्या तेव्हा गाव जाळलेलं होतं, गाढवाचा नांगर फिरवला होता म्हणतात. त्यांनी एरिया पाहिला होता का?"

मामांनी शांतपणे दंतमंजन थुंकलं. "त्यायच्यासंग फौज होती. तुह्यासंग मी एकटा हावो."

तिसरं ठिकाण सिंहगड रस्त्यावर. माझ्या ऑफिसपासून शहराचं दुसरं टोक, पण जवळच आत्या राहते म्हणून पाहायचं. एजंट उत्साही होता. फ्लॅट तळमजल्यावर, भाडं त्या रस्त्याच्या मानानं संशय यावा इतकं कमी. मामा खोल्यांत शिरलेच नाहीत. बाहेर उभं राहून त्यांनी एकच विचारलं, "पानी येते का?"

"चोवीस तास काका! कॉर्पोरेशनचं."

"ते नाही. पानी येते का?"

"बोअरिंगही आहे ना."

मामा कंपाउंडच्या भिंतीपाशी गेले आणि उकिडवे बसले. भिंतीला रंग नवा होता, पण जमिनीपासून हातभर उंचीवर एक मळकट रेघ रंगातूनही वर आली होती. मामांनी तिच्यावरून बोट फिरवलं. २०२३च्या जुलैत जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत एका रात्रीत पाणी घुसलं होतं. मामांच्या घरातल्या भिंतीवर तसली रेघ अजून आहे आणि दोन क्विंटल तूर तेव्हा गेली ती गेलीच. पुण्याचं मामांना काही माहीत नव्हतं. मला होतं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा अरण्येश्वर-सहकारनगरात शिरला होता, आणि आम्ही उभे होतो त्याच्या आदल्याच पावसाळ्यात, २५ जुलै २०२४ला, खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर याच रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना बोटींतून काढलं होतं. १९६१च्या पानशेतची गोष्ट तर पुण्यात अजून आजोबा सांगतात. मी भाड्याचे ॲप पाहून, फर्निचर पाहून, बसस्टॉप मोजून आले होते. भिंत पाहायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी मामांना हसणं जरा कमी केलं. फार नाही. कारण दुसऱ्याच दिवशी ते एका पोलीस ठाण्यात शिरले आणि टेबलावरच्या हवालदारांना विचारते झाले, "साहेब, तुमच्याकडे चोऱ्या किती होतात?"

हवालदारांनी वर पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मामा."

"इथं सगळे मामाच आहेत, काका. काम बोला."

मग मी पुढं होऊन सांगितलं. हवालदार चांगले निघाले. त्यांनी खुर्ची दिली, ११२ नंबर मोबाइलमध्ये टाकून घ्यायला लावला आणि म्हणाले, "एरिया चांगला-वाईट काही नसतो. संध्याकाळी सातला न पाहता रात्री अकराला बघा." मामांना हे फार आवडलं. बाहेर पडल्यावर म्हणाले, "मानूस शिकलेला हाये. कुठला असन?" मामांच्या मते शहाणा माणूस घाटाखालचाच असतो. चिखली-मेहकरचे, म्हणजे घाटावरचे, हुशार असतात, पण तो निराळा गुण.

चौथं ठिकाण वडगाव शेरी. जुनी वस्ती, मध्ये अरुंद गल्ली, तोंडाशी देऊळ, देवळासमोर किराणा, किराण्याला लागून इस्त्रीवाला. कोपऱ्यावर 'शेगाव कचोरी' असा बोर्ड पाहून मामांचे डोळे भरून आले. पुढं होऊन विचारलं, "शेगावात कुठले?" तो म्हणाला, "भीलवाडा." कचोरी आली ती फोडून, वर गोड चटणी, शेव, दही. मामांनी तळलेली मिरची मागितली. नव्हती. एवढ्या मोठ्या एरियापाहणीत मामा गुन्ह्याची नोंद करायला खरोखर ठाण्यात परत जायला निघाले ते या एकाच प्रसंगी.

रात्री अकराला आम्ही गल्ली पाहायला गेलो. योजना मामांची. मी बसस्टॉपवरून एकटीनं चालत यायचं, आणि मागं वीस पावलांवर मामा. कोण बघतं, कोण मागं येतं, कुठला दिवा बंद आहे, सगळं ते टिपणार. मी निघाले. खांब दहा, बंद तीन. देवळापाशी दोन म्हातारे. किराणा अर्धं शटर. मी वळले आणि मागून आवाज आला,

"ओ! तुम्ही! थांबा जरा."

वळून पाहिलं तर इस्त्रीवाल्यानं मामांची कॉलर धरली होती. किराणावाला शटरखालून वाकून बाहेर आला. देवळातले दोन म्हातारे काठ्या घेऊन उठले. वरच्या गॅलरीत एक आजी आल्या आणि म्हणाल्या, "बसस्टॉपपासून त्या मुलीच्या मागं मागं येतोय मेला, मी केव्हाची बघतेय." मामांच्या हातात वही-पेन्सिल होती. वहीत 'खांब नं. ७ बंद' असं लिहिलेलं होतं आणि त्यामुळं प्रकरण आणखीच वाईट दिसत होतं.

मी धावत गेले. "अहो, मामा आहेत ते माझे!"

"सगळे तसंच म्हणतात," इस्त्रीवाला म्हणाला. त्याला आधार कार्ड दाखवावं लागलं. मामांचं, माझं आणि शेवटी व्हिडिओ कॉलवर आईचं. आई ढसाढसा रडत होती, त्यामुळं ओळख पटली.

मला वाटलं, आता मामा भडकणार. मामा कॉलर सरळ करत तिथंच रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, नि त्यांच्या चेहऱ्यावर मी तसला आनंद फक्त कापसाला भाव मिळाल्यावर पाहिला होता. "झालं!" ते म्हणाले. "हाच एरिया. अथीच राहाजो."

खोली त्याच आजींच्या घरात वरच्या मजल्यावर मिळाली. आजोबा निवृत्त शिक्षक, मूळचे चिखलीचे. "घाटावरचे," मामा माझ्या कानात पुटपुटले, "पन आता इलाज नाही." अकरा महिन्यांचा करार, नोंदणी केलेला, अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी आला. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते म्हणून आजोबांनी माझी कागदपत्रं मागितली. मामांनी ती दिली आणि हात तसाच पुढं ठेवला.

"काय?" आजोबा.

"तुमचे द्या. भाडेकरूची पडताळनी पोलीस करतात. घरमालकाची कोन करते?"

आजोबा हसले. मामा हसले नाहीत. अखेर आजोबांनी चिखलीतल्या दोन नातेवाइकांचे नंबर दिले, मामांनी तिथंच उभं राहून दोघांनाही फोन लावले, आणि दुसऱ्या फोनवर निघालं की आजोबांची चुलत बहीण मलकापूरला दिली आहे. चहा दुसऱ्यांदा झाला.

मामा गेले. जाताना इस्त्रीवाल्याशी, किराणावाल्याशी आणि देवळातल्या दोघांशी बराच वेळ बोलत उभे होते. निरोप घेत असतील, असं मला वाटलं.

तीन महिन्यांनी एका संध्याकाळी ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन वाजला. मामा, आपल्या ओट्यावरून.

"आज रिक्षानं येजो. तुह्या गल्लीतली लाईट गेली हाये. सात नंबरचा खांब तं दुपारपासूनच बंद हाये."

"तुम्हाला कसं कळलं?"

"इस्त्रीवाल्याचा फोन आल्ता." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "आन ऐक. लाईट जायच्या आंधी तुहा निळा ड्रेस जराकसा जळला म्हन्ते त्याच्याकून. तुले सांगाची त्याची हिंमत होत नाही."