चार दिवसांची अकरा वर्षं

वारंगा फाट्यावर खिचडीच्या प्लेटीपुढे एक मावशी मोबाईल पाण्याच्या जगाला टेकवून ‘चार दिवस सासूचे’ बघत होत्या. पुन्हा, अगदी पहिल्यापासून. नावात चार दिवस. पण २००१ साली ई टीव्ही मराठीवर सुरू झालेली ही मालिका उठली ती २०१३च्या जानेवारीत, ३,००० हून जास्त भाग करून. (मुदतीत एवढा ढिलेपणा एरवी फक्त रस्त्याच्या कामांना परवडतो.) इंग्रजांचं ‘कोरोनेशन स्ट्रीट’ १९६०पासून चालूच आहे म्हणा, पण त्यांनी निदान चार दिवसांची बोली केली नव्हती.

मावशी तेव्हा नव्या सूनबाई होत्या. मालिकेतल्या सुनेसाठी, कविता लाडच्या अनुराधासाठी पदर भिजवायच्या आणि सासूच्या, रोहिणी हट्टंगडींच्या आशाताईंच्या नावानं बोटं मोडायच्या. आता घरात सून आली.

“तवा कळालंच नाही बघा,” खिचडीवर फुंकर घालत त्या म्हणाल्या, “आशाताईचं काय चुकत होतं?”

भाग तेच, संवाद तेच. मावशींनी फक्त पक्ष बदलला. तोही आमदारासारखा, न लाजता.

समोर सून पापड मोडत बसली होती. कानात इअरफोन, नजर मोबाईलवर, डोळे ओले. ती काय बघतेय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.